'डॉक्टर हू' आणि अर्धसत्याच्या बातम्या: चाहते वृत्तपत्रांवर का संतापतात?

३१ मे २०२५ च्या संध्याकाळी बीबीसी वनवर 'द रिॲलिटी वॉर' हा भाग संपत आला, तेव्हा शूटी गाटवा यांनी साकारलेला पंधरावा डॉक्टर प्रकाशात विरघळला आणि त्याच्या जागी बिली पायपर यांचा चेहरा उमटला. श्रेयनामावलीत पायपर यांचे नाव होते. मात्र त्या 'डॉक्टर'च्या भूमिकेत आहेत, असे कोठेही लिहिलेले नव्हते. ब्रिटनमधील लाखो घरांत त्या रात्री दोन चर्चा एकाच वेळी सुरू झाल्या. एक कथानकाची. दुसरी एका जुन्या बातमीची. एप्रिलमध्ये नवा हंगाम सुरू होण्यापूर्वीच 'द सन' या दैनिकाने गाटवा मालिका सोडत असल्याचे आणि मालिका दीर्घ काळासाठी बंद राहणार असल्याचे वृत्त दिले होते. बीबीसीने ते चुकीचे ठरवले होते. चाहत्यांनी त्या वृत्तावर आणि ते जसेच्या तसे उचलणाऱ्या संकेतस्थळांवर सडकून टीका केली होती. आणि आता गाटवा खरोखरच गेले होते.

मग चाहते चुकले होते काय? वृत्तपत्र बरोबर ठरले काय? या प्रश्नांना सरळ 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही. लोकप्रिय मालिकांविषयीचा निष्काळजी वार्ताव्यवहार धडधडीत असत्यावर क्वचितच उभा असतो. एक खरा धागा, त्याभोवती विणलेली चार अनुमाने आणि प्रत्येक अनुमानाला दिलेला निश्चितीचा सूर, अशी त्याची घडण असते. त्यातला खरा धागा पुढे सिद्ध झाला की उरलेली अनुमानेही आपोआप प्रतिष्ठित होतात. चाहत्यांचा राग नेमका या गोष्टीवर आहे.

नकारातही अर्धसत्य

२०२५ च्या या प्रकरणात दोन स्वतंत्र दावे होते. पहिला, अभिनेता जात आहे. दुसरा, मालिकाच गुंडाळली जात आहे. पहिला खरा ठरला. दुसऱ्याविषयी बीबीसीने तेव्हाच सांगितले होते की, डिस्नेबरोबरचा करार २६ भागांचा असून त्यातील निम्मे भाग अद्याप दाखवायचे आहेत आणि पुढील हंगामाचा निर्णय दुसरा हंगाम प्रसारित झाल्यावरच होईल. आज मागे वळून मोजले तर हा हिशेब चोख जुळतो. २०२३ चे तीन विशेष भाग, दोन नाताळ विशेष, आठ-आठ भागांचे दोन हंगाम आणि डिसेंबर २०२५ मध्ये आलेली 'द वॉर बिटवीन द लँड अँड द सी' ही पाच भागांची उपमालिका, असे एकूण २६ भाग होतात.

तथापि, बीबीसीच्या त्या खुलाशाचीही एक मर्यादा होती. डॉक्टरच्या भवितव्यावर आणि कथानकावर आपण भाष्य करत नाही, असे सांगून महामंडळाने पहिल्या दाव्याला बगल दिली. कथेतील आश्चर्य जपण्यासाठी ते समजण्याजोगे होते. परंतु वाचकाच्या हाती काय उरले? एका बाजूला अनामिक 'सूत्रां'चे ठाम विधान आणि दुसऱ्या बाजूला काळजीपूर्वक मोजून-मापून केलेला, अर्ध्या प्रश्नाचाच इन्कार. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी बीबीसीने डिस्ने यापुढे भागीदार नसेल, मालिका मात्र सुरू राहील आणि २०२६ च्या नाताळासाठी रसेल टी. डेव्हिस विशेष भाग लिहितील, असे जाहीर केले. 'मालिका संपली' हे वृत्त खोटे होते आणि 'सारे काही ठीक आहे' ही चाहत्यांची समजूतही खरी नव्हती. भागीदार खरोखरच गेला होता.

आकडा कोणता, आणि केव्हाचा?

चाहत्यांची सर्वांत जुनी आणि सर्वांत सबळ तक्रार प्रेक्षकसंख्येच्या बातम्यांविषयी आहे. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीचे प्रेक्षक मोजण्याचे काम 'बार्ब' ही संस्था १९८१ पासून करते. तिचे आकडे टप्प्याटप्प्याने येतात. पहिला आकडा प्रसारणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. सात दिवसांत ज्यांनी तो भाग मागाहून पाहिला त्यांना मिळवून दुसरा आकडा तयार होतो, आणि अठ्ठावीस दिवसांचा तिसरा. वीस वर्षांपूर्वी पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांत फारसे अंतर नसे, कारण बहुतेक घरे कार्यक्रम लागताच पाहत. आज ती स्थिती नाही.

११ मे २०२४ रोजी गाटवा यांचा पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हा 'स्पेस बेबीज' या भागाचा दुसऱ्या दिवशीचा आकडा सुमारे २६ लाख होता. अनेक वृत्तपत्रांनी त्यावर आपत्तीसूचक मथळे चढवले. सात दिवसांनंतर तोच आकडा सुमारे ४० लाखांवर गेला. त्याची बातमी मात्र आतल्या पानांवरही अभावानेच दिसली. शिवाय त्या हंगामात नवा भाग मध्यरात्रीच आयप्लेअरवर उपलब्ध होत होता आणि बीबीसी वनवर तो शनिवारी संध्याकाळी लागत होता. म्हणजे उत्साही चाहत्याने तो प्रसारणाच्या कित्येक तास आधीच पाहिलेला असे. ब्रिटनबाहेर डिस्ने प्लसवर पाहणारे प्रेक्षक तर 'बार्ब'च्या मोजणीत येतच नाहीत. अशा परिस्थितीत दुसऱ्या दिवशीचा आकडा घेऊन त्याची २००५ च्या आकड्याशी तुलना करणे म्हणजे सकाळी दहा वाजता मतमोजणी थांबवून निकाल जाहीर करण्यासारखे आहे.

येथे चाहत्यांनाही एक अप्रिय सत्य स्वीकारावे लागते. २६ मार्च २००५ रोजी 'रोज' या पुनरागमनाच्या भागाला एक कोटी आठ लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले होते. २३ नोव्हेंबर २०१३ च्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या विशेष भागाला एक कोटी अठ्ठावीस लाख. त्या तुलनेत चाळीस लाख ही घसरणच आहे. सगळ्याच वाहिन्यांचे प्रेक्षक घटले, हे खरे असले तरी तेवढ्याने सगळी घसरण समजावता येत नाही. प्रामाणिक बातमी या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवील.

संदर्भ काढून टाकला की आकडा उलट्या दिशेनेही फसवतो. मालिकेच्या इतिहासातील सर्वाधिक प्रेक्षकसंख्या १९७९ च्या 'सिटी ऑफ डेथ' या कथेच्या चौथ्या भागाला मिळाली: एक कोटी एकसष्ट लाख. त्या वेळी संपामुळे प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनी बंद होती, हे सांगितले नाही तर तो आकडा निव्वळ दंतकथा होऊन बसतो. हा उलगडा आपल्याच आवडत्या मालिकेचे वैभव कमी करतो. तरीही जाणते चाहते विक्रमाचा उल्लेख करताना संपाचाही करतात. आकड्यांबाबतची ही शिस्त त्यांना वृत्तपत्रांकडूनही अपेक्षित असेल, तर त्यात वावगे काही नाही.

मथळ्यामागची माणसे

आकड्यांच्या चुका दुरुस्त करता येतात. माणसांविषयीच्या बातम्यांचे तसे नसते. मिली गिब्सन यांची निवड नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाली, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांचा पहिला पूर्ण भाग २०२३ च्या नाताळच्या दिवशी प्रसारित झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये, पहिला हंगाम पडद्यावर येण्याआधीच, त्यांना डच्चू मिळाल्याच्या बातम्या झळकल्या. त्यांच्या जागी वरदा सेतू येणार, असेही सांगण्यात आले. एप्रिल २०२४ मध्ये बीबीसीने सेतू यांच्या प्रवेशाची घोषणा केली, तेव्हा गिब्सनही परतणार असल्याचे स्पष्ट केले. २०२५ च्या हंगामातील 'लकी डे' हा भाग तर जवळजवळ संपूर्णपणे त्यांच्याच पात्राभोवती फिरतो आणि हंगामाच्या अखेरच्या कथेतही त्या आहेत.

येथेही खरा धागा होताच: डॉक्टरची मुख्य सोबतीण बदलणार होती. ही मालिका साठ वर्षे सोबती बदलतच आली आहे. परंतु 'पात्राची वाटचाल वेगळे वळण घेते' आणि 'अभिनेत्रीला काढून टाकले' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यात एका तरुण कलावंताची व्यावसायिक पत सामावलेली असते. पुढच्या कामासाठी तिची निवड करणारा निर्माता दोन्हीपैकी कोणते वाक्य वाचतो, यावर बरेच काही अवलंबून असते.

स्त्री कलावंतांच्या वाट्याला हा अनुभव अधिक येतो. १६ जुलै २०१७ रोजी, विम्बल्डनचा पुरुषांचा अंतिम सामना संपल्यावर, जोडी व्हिटेकर या पहिल्या स्त्री डॉक्टर असतील, असे जाहीर झाले. त्यानंतर लगेचच 'द सन' आणि 'मेलऑनलाइन' यांनी त्यांच्या पूर्वीच्या चित्रपटांतील विवस्त्र दृश्यांची छायाचित्रे छापली. यापूर्वीच्या बारा पुरुष डॉक्टरांच्या बाबतीत अशी 'माहिती' वाचकांपर्यंत पोहोचवण्याची निकड कोणाला वाटली नव्हती. चाहत्यांबरोबरच समान प्रतिनिधित्वासाठी झटणाऱ्या अभिनेत्रींच्या संघटनेनेही तेव्हा निषेध नोंदवला.

दोष मात्र नेहमी वृत्तपत्रांचाच असतो असे नाही. ३० मार्च २००५ रोजी, पुनरागमनाचा पहिला भाग दाखवून चार दिवसही उलटले नव्हते, तोच ख्रिस्तोफर एकल्स्टन मालिका सोडत असल्याची बातमी फुटली. बीबीसीने घाईघाईने तिला दुजोरा दिला आणि एकाच भूमिकेत अडकून पडण्याची भीती वाटते, असे विधान एकल्स्टन यांच्या तोंडी घातले. चाहते अभिनेत्यावर चिडले. काही दिवसांतच बीबीसीला कबूल करावे लागले की, ते विधान त्यांचे नव्हते आणि त्यांना विचारण्यातही आले नव्हते. महामंडळाने माफी मागितली. पण दुरुस्तीला पहिल्या बातमीचे पाय नसतात. 'साचेबंद होण्याच्या भीतीने पळालेला डॉक्टर' ही प्रतिमा पुढे कित्येक वर्षे टिकली. निर्मात्यांशी बिघडलेल्या संबंधांविषयी एकल्स्टन स्वतः बोलले, ते फार उशिरा.

चाहत्यांचे दोन्ही चेहरे

चाहते हे निव्वळ बळी आहेत, असे चित्र रंगवणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. १९८५ च्या फेब्रुवारीअखेर बीबीसीने पुढचा हंगाम लांबणीवर टाकला, तेव्हा 'द सन'ने बीबीसीच्या कटात 'डॉ. हू'चा बळी गेल्याच्या आशयाचा मथळा पहिल्या पानावर दिला. मालिका रद्द झालेली नव्हती. ती अठरा महिन्यांनी, सप्टेंबर १९८६ मध्ये, परतली. पण तो आरडाओरडा व्हावा यासाठी मालिकेच्या वर्तुळातील आणि चाहत्यांतील काही मंडळीच वृत्तपत्रांना रसद पुरवत होती. मोहिमेचा भाग म्हणून एक गाण्याची तबकडीही निघाली. अतिरंजित मथळा आपल्या बाजूचा असतो, तेव्हा तो फारसा खटकत नाही, ही मानवी दुर्बलता तेव्हाही होती. विशेष म्हणजे १९८९ च्या डिसेंबरमध्ये मालिका खरोखर थांबली, तेव्हा कोणतीही जाहीर घोषणा झाली नाही. मोठा गाजावाजा झाला तो स्थगितीचा. शेवट झाला तो मूकपणे.

२०१३ चे प्रकरण याहून बोलके आहे. साठच्या दशकातील अनेक भागांच्या फिती बीबीसीने पुसून टाकल्या किंवा नष्ट केल्या, त्यामुळे त्या वर्षाच्या सुरुवातीला १०६ भाग बेपत्ता होते. त्यांच्या शोधाच्या अफवा चाहत्यांनीच महिनोन्‌महिने एकमेकांत फिरवल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात 'संडे पीपल'ने शंभराहून अधिक भाग इथिओपियात सापडल्याचे वृत्त दिले. त्याच आठवड्यात बीबीसीने खरी घोषणा केली: फिलिप मॉरिस यांनी नायजेरियातील जोस शहरातून नऊ भाग परत मिळवले होते. एरवी नऊ भाग हा आनंदाचा डोंगर होता. त्या आठवड्यात तो अनेकांना अपेक्षाभंगासारखा वाटला. खऱ्या शोधाचे मोल एका अवास्तव आकड्याने कमी करून टाकले.

आणि नेमक्या याच क्षेत्रात चाहत्यांची कामगिरी सर्वांत उजळ आहे. हरवलेल्या भागांची चित्रे गेली, पण त्या सर्वांचा ध्वनी आज उपलब्ध आहे. साठच्या दशकात काही मुलांनी घरातल्या दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून ते भाग टिपले, म्हणून तो वाचला. १९६३ ची पहिली कथा दिग्दर्शित करणारे लखनौत जन्मलेले वारिस हुसेन यांची 'मार्को पोलो' ही सात भागांची कथा अशीच, केवळ आवाजाच्या आणि स्थिरचित्रांच्या रूपाने, शिल्लक राहिली. ज्या समूहाने एका सार्वजनिक संस्थेचा ठेवा तिच्याच हलगर्जीपणापासून वाचवला, त्या समूहाला 'सूत्रांनुसार' या एका शब्दाने गप्प बसवता येत नाही. डेव्हिस, स्टीव्हन मोफॅट आणि ख्रिस चिबनॉल हे तिघेही मालिकेचे सूत्रधार होण्यापूर्वी तिचे चाहतेच होते. प्रेक्षक आणि जाणकार यांतील भिंत येथे केव्हाच पडली आहे.

नियम आहेत, पण…

ब्रिटनमधील बहुतेक मोठी वृत्तपत्रे २०१४ मध्ये स्थापन झालेल्या 'इप्सो' या नियामक संस्थेच्या कक्षेत येतात. तिच्या आचारसंहितेचे पहिलेच कलम अचूकतेचे आहे. बातमीच्या मजकुराचा आधार नसलेला मथळा देऊ नये, हेही त्यात स्पष्टपणे नमूद आहे. अचूकतेच्या कलमाखाली बातमीशी थेट संबंध नसलेल्या वाचकालाही तक्रार करता येते. कागदावर चाहत्यांच्या हाती हे साधन आहे.

व्यवहारात ते बोथट ठरते. 'मालिका बंद पडण्याच्या उंबरठ्यावर', 'भवितव्य अधांतरी', 'पडद्यामागे अस्वस्थता' ही वाक्ये खोटी ठरवायची कशी? अनामिक सूत्राला धाकदपटशा होऊ नये म्हणून दिलेले संरक्षण भ्रष्टाचार उघड करणाऱ्या पत्रकारितेसाठी अत्यावश्यक आहे. त्याच संरक्षणाच्या आडून कोण्या अभिनेत्याचे कोणाशी पटत नाही, याच्या कंड्याही सुखेनैव पिकवता येतात. त्यात भर पडते ती 'चाहते संतापले' या नव्या वृत्तप्रकाराची. समाजमाध्यमांवरील चार-पाच अनाम प्रतिक्रिया उचलायच्या आणि त्यांना संपूर्ण प्रेक्षकवर्गाचा कौल म्हणून मांडायचे. आधी बातमी चाहत्यांना चिडवते, मग त्यांची चीड ही पुढची बातमी होते. कच्चा माल आणि गिऱ्हाईक दोन्ही तेच.

मालिकेपलीकडचे

एका विज्ञानकल्पित मालिकेविषयी एवढी चर्चा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर कार्डिफमध्ये आहे. २००५ पासून या मालिकेचे बस्तान वेल्समध्ये आहे आणि तिच्या भोवती तेथील चित्रीकरण व्यवसायाची वाढ झाली. सुतार, रंगभूषाकार, वेशभूषाकार, दृश्यपरिणामांचे तंत्रज्ञ यांतील पुष्कळजण कंत्राटी आहेत. 'मालिका संपली' हा मथळा लंडनमध्ये करमणूक असतो. तेथे तो घराच्या हप्त्याचा प्रश्न असतो.

दुसरे उत्तर बीबीसीच्या सनदेत आहे. सध्याची राजसनद २०२७ च्या अखेरीस संपते आणि परवाना शुल्काचे पुढे काय करायचे, हा वाद त्यानिमित्ताने ऐरणीवर आला आहे. एप्रिल २०२५ मध्ये हे शुल्क १७४.५० पौंड झाले. ब्रिटनमधील मराठी कुटुंबेही ते भरतात, आणि त्यांच्या मुलांनी येथील शाळांतून 'डॉक्टर हू'चे वेड घरी आणलेले असते. फाळणीवरचा विनय पटेल लिखित 'डीमन्स ऑफ द पंजाब' हा २०१८ चा भाग अशा घरांत आजी-आजोबांसह पाहिला जाण्याजोगा होता. सार्वजनिक प्रसारक लोकांना हवा आहे की नको, हा निर्णय जर 'तिचे प्रेक्षक आटले' अशा अपुऱ्या आकड्यांवरच्या मथळ्यांनी घडणार असेल, तर त्याची किंमत चाहत्यांपुरती मर्यादित राहणार नाही.

मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. 'लोकप्रिय मालिका घेणार निरोप?' असे प्रश्नचिन्हाच्या आड लपलेले मथळे, आठवड्याच्या टीआरपीच्या याद्यांवरून बांधलेली भाकिते, नायिका दोन दिवस चित्रीकरणाला दिसली नाही म्हणून 'मालिकेतून एक्झिट'. मोजणी आणि तिचा अर्थ यांविषयीचा अविश्वास किती खोल जाऊ शकतो, हे २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी कथित टीआरपी घोटाळ्याचा तपास सुरू केला आणि वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे दीर्घ काळ थांबवावे लागले, तेव्हा दिसलेच.

चाहत्यांची मागणी तशी माफक आहे. आकडा दिला तर तो किती दिवसांचा, ते सांगावे. अभिनेता जाणार ही एक बातमी आणि मालिका बंद होणार ही दुसरी. त्यांची मोट बांधू नये. चूक झाली तर दुरुस्ती तेवढ्याच ठळकपणे छापावी. बीबीसीनेही अर्धवट इन्कारापेक्षा 'यावर आम्ही बोलणार नाही' असे सरळ सांगावे. आणि चाहत्यांनी, आपल्याला हवी ती अफवाही नको असलेल्या अफवेइतक्याच संशयाने वाचावी. २०२५ च्या वसंतात ज्यांनी 'सन'च्या बातमीचे दोन दावे वेगळे केले आणि 'पहिला कदाचित खरा असेल, दुसऱ्याला पुरावा नाही' असे म्हटले, त्यांच्यावर मे महिन्यात एक शब्दही मागे घेण्याची वेळ आली नाही.